मुंबई महापालिकेची १९०७ ची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी १९०७ मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत सर फिरोजशहा मेहता पडले. शाळेच्या पुस्तकात ज्यांना 'मुंबईचे अनभिषिक्त राजे' म्हटलेलं असतं, तेच हे फिरोजशहा. ज्या कायद्याखाली निवडणूक झाली तो घडवण्यात त्यांचाच मोठा हात होता. म्हणून ही हकिगत पहिल्यांदा कानावर आली की प्रत्येक जण विचारतो, असा माणूस हरलाच कसा? त्या एका प्रश्नाभोवती जे जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. मेहतांपेक्षाही 'मत कुणाच्या हातात होतं' हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, त्यामुळे बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

१९०७ मध्ये नेमकं काय घडलं, थोडक्यात सांगाल का?

महापालिकेची निवडणूक दर तीन वर्षांनी होत असे. त्यात एक मतदारसंघ होता सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जे.पी. मंडळींचा. त्यांनी सोळा सभासद निवडून द्यायचे. १९०७ मध्ये मेहता याच मतदारसंघातून उभे होते. शहरातल्या काही बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनी आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या संपादकांनी एकत्र येऊन सोळा नावांची एक यादी केली, तीत मेहतांचं नाव ठेवलं नाही, आणि त्या यादीसाठी पद्धतशीर मतं गोळा केली. निकाल लागला तेव्हा मेहता सतरावे आले. जागा सोळाच होत्या. पुढे विजयी सोळांपैकी एक जण कायद्याने अपात्र ठरला, त्याची जागा पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळाली, आणि मेहता सभागृहात परत आले. यादी करणाऱ्या या गटाला तेव्हापासून 'कॉकस' हे नाव पडलं. मुंबईच्या राजकारणाचा इतिहास लिहिणारे अजूनही तोच शब्द वापरतात.

त्या वेळी महापालिकेत किती सभासद होते? ते कुठून येत?

१८८८ च्या कायद्याप्रमाणे एकूण ७२. वॉर्डांतले करदाते ३६ निवडत, जे.पी. १६, मुंबई विद्यापीठाचे फेलो (म्हणजे सिनेटचे सभासद) २, चेंबर ऑफ कॉमर्स २, आणि उरलेले १६ सरकार थेट नेमत असे.

हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नका, जरा बेरीज करून पाहा. सरकारनियुक्त १६ आणि चेंबरचे २ मिळून १८. चेंबर ऑफ कॉमर्स ही तेव्हा मुख्यतः युरोपियन व्यापाऱ्यांची संस्था होती. यात जे.पी.ंचे १६ मिळवले की झाले ३४. विद्यापीठाच्या फेलोंमध्येही सरकारने नेमलेल्यांचा भरणा मोठा. त्यांचे २ धरले की ३६, म्हणजे बरोबर निम्मं सभागृह. कागदावर मुंबईची महापालिका देशातल्या सर्वांत मोकळ्या महापालिकांपैकी एक होती. पण जे.पी.ंच्या सोळा जागा एका गठ्ठ्याने अधिकाऱ्यांच्या बाजूला गेल्या, तर करदात्यांचे ३६ आणि बाकीचे ३६ असा तराजू समसमान होत होता. १९०७ चा खेळ या सोळा जागांसाठी होता, आणि मेहता हे त्या जागांवरचं सर्वांत मोठं नाव होतं.

जे.पी. म्हणजे कोण? ते लोकांनी निवडलेले असत का?

नाही. सरकार त्यांची नेमणूक करी. व्यापारी, गिरणीमालक, वकील, डॉक्टर, दानशूर शेठ, सरकारी अधिकारी, युरोपियन कंपन्यांचे साहेब, असे सगळे त्यांत असत. नावापुढे 'जे.पी.' लागणं ही मोठ्या प्रतिष्ठेची गोष्ट होती. जुन्या मुंबईच्या इमारतींवरच्या संगमरवरी पाट्या पाहिल्या तर देणगीदारांच्या नावापुढे ही दोन अक्षरं सारखी भेटतात.

यांना महापालिकेत स्वतंत्र जागा मिळण्यामागे इतिहास आहे. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जे.पी.ंच्या मंडळाकडे होता, आणि प्रत्यक्ष सत्ता होती म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे. क्रॉफर्ड कामाला वाघ होते, शहर स्वच्छ करायला आणि मंडया-रस्ते बांधायला त्यांनी हात आखडता घेतला नाही. क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच काळातलं. पण खर्च हाताबाहेर गेला, करदाते खवळले, आणि १८७१ मध्ये मोठं आंदोलन उभं राहिलं. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली: ३२ करदात्यांचे, १६ जे.पी.ंचे, १६ सरकारचे. म्हणजे जे.पी.ंची सोळा जागांची वाटणी तेव्हाची. १८८८ मध्ये ती तशीच पुढे आली.

सामान्य मुंबईकराला मत होतं का?

फार थोड्यांना. वॉर्डात मत देण्याचा हक्क मुख्यतः ठरावीक रकमेचा म्युनिसिपल कर भरणाऱ्यांना होता. विद्यापीठाचे पदवीधर अशांसारख्या काही सुशिक्षितांनाही अटींवर तो मिळे. १९०६ च्या शहराच्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या वर गेली होती. त्यातला बहुसंख्य माणूस भाड्याच्या खोलीत राहणारा. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या चाळींत रत्नागिरी, सातारा, पुण्याकडचे गिरणी कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत. ते भाडं भरत, त्या भाड्यातून मालक घरपट्टी भरे, आणि मत मिळे मालकाला.

प्लेग १८९६ मध्ये मांडवीत सुरू झाला, त्यानंतरची दहा वर्षं या चाळींनी भोगली. घरं रिकामी करवून घेणं, सक्तीची तपासणी, जंतुनाशकांचे फवारे, हे सगळं ज्यांच्या दारात आलं त्यांना महापालिकेच्या निवडणुकीत जागा नव्हती. कॉकस जिंकला काय किंवा मेहता जिंकले काय, लालबागच्या खोलीतल्या माणसाचं मत कुणीच विचारलेलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

मेहतांना एवढं महत्त्व का? ते तर काँग्रेसचे पुढारी होते ना?

काँग्रेसचे ते होतेच. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष, बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक. पण त्यांचं घर म्हणाल तर ते म्युनिसिपालिटी.

२९ नोव्हेंबर १८७१ ला धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नगरसुधारणेवर एक निबंध वाचला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. सगळं शहर क्रॉफर्डच्या नावाने बोटं मोडत होतं. अशा वेळी हा पोरसवदा वकील उभा राहून म्हणाला की दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही, त्याच्यावर खरी देखरेख ठेवणारी लोकनियुक्त सभा नाही हा खरा दोष आहे. कमिशनरचे अधिकार काढून समितीच्या हाती देऊ नका, अधिकार एकाच्याच हाती ठेवा, पण त्याला जाब विचारणारे सभासद करदात्यांनी निवडलेले असू द्या. ऐकणाऱ्यांना तेव्हा ते रुचलं नाही. तरी १८७२ च्या कायद्यात यातलं बरंच उतरलं.

पुढे १८८७-८८ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला तेव्हा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे मुंबई कायदेमंडळात होते. दोघांनी कलमामागून कलम लढवलं. कार्यकारी अधिकार कमिशनरकडे, अंतिम देखरेख महापालिकेकडे, आणि मध्ये स्थायी समिती, ही घडी तिथे बसली. मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ अशी चार वर्षं महापालिकेचे अध्यक्ष होते. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरले तेव्हा शहराच्या वतीने स्वागत करणारे अध्यक्ष तेच.

सभागृहात त्यांचा दरारा असा की अंदाजपत्रकावर ते बोलायला उभे राहिले की अधिकाऱ्यांनी आपापली कागदपत्रं पुन्हा तपासावीत. आकडे, जुने ठराव, कायद्याची कलमं त्यांना तोंडपाठ असत.

मग त्यांच्यावर राग कुणाचा होता, आणि कशामुळे?

युरोपियन अधिकारीवर्गाचा, आणि कारण बरंचसं याच दराऱ्यात होतं. सरकारकडून आलेला प्रस्ताव महापालिकेत मेहतांच्या हातून तावून-सुलाखून निघे, नाहीतर परत जाई. पोलिसांचा खर्च शहराने किती सोसायचा यावर त्यांनी वर्षानुवर्षं भांडण चालू ठेवलं. पोलिसांवर हुकमत सरकारची, मग पैसे महापालिकेने का द्यायचे, हा त्यांचा सवाल. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्यावरही महापालिकेचा ताबा नव्हता, भार मात्र तिच्या तिजोरीवर पडत होता. असे खटके सतत उडत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बंगालमध्ये १८९९ च्या कायद्याने कलकत्ता महापालिकेतल्या निवडून आलेल्या सभासदांचं बळ तोडलं होतं. निषेध म्हणून सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सभासदांनी एकदम राजीनामे दिले. मुंबईत तसा कायदा करणं अवघड होतं, कारण इथली महापालिका नावारूपाला आलेली होती. पण कायदा न बदलताही सभागृहाचा तोल बदलता येतो, आणि जे.पी.ंचा मतदारसंघ त्यासाठी हाताशी होता.

कॉकसमध्ये कोण कोण होते?

अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल, हॅच नावाचे सनदी अधिकारी, आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर ही ठळक नावं. सरकारच्या तिजोरीचा हिशेब ठेवणारा, शहराचा पोलीसप्रमुख आणि सर्वांत वजनदार इंग्रजी दैनिकाचा संपादक एका बाजूला उभे राहिले होते, हे नुसतं वाचलं तरी त्या गटाची ताकद कळते.

यादीत सगळे युरोपियनच होते असं मात्र नाही. सोळांत हिंदी नावंही होती. मेहतांच्या एकहाती वर्चस्वाला कंटाळलेले काही हिंदी जे.पी. या गटाला मिळाले होते. ही गोष्ट झाकून ठेवली तर चित्र खोटं होईल.

एका गटाला सगळ्याच्या सगळ्या जागा मिळवणं शक्य कसं होतं?

इथे मतदानाची रीत समजून घ्यायला हवी. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराकडे, फक्त एका उमेदवाराला एकच मत. म्हणजे प्रत्येक जे.पी.च्या हाती सोळा मतं.

समजा शंभर जण मतदानाला आले. त्यातले ५५ जण ठरवून एकच यादी भरतात, तीच सोळा नावं, एकही इकडे-तिकडे नाही. मग यादीतल्या प्रत्येकाला ५५ मतं पडतात. उरलेले ४५ जण कितीही एकजुटीने दुसऱ्या कुणाला मत देवोत, त्यांचा उमेदवार ४५ च्या वर जात नाही. पंचावन्नांना सोळाच्या सोळा जागा, पंचेचाळीसांना भोपळा. शिवाय ते पंचेचाळीस एकजुटीने वागतच नाहीत. एखादा जे.पी. मेहतांना मत देतो, आणि उरलेली पंधरा मतं वाया कशाला घालवायची म्हणून ओळखीच्या, जातीच्या, धंद्यातल्या माणसांना देतो, त्यातली काही नावं नेमकी समोरच्या यादीतली असतात. असं करताना तो नकळत मेहतांच्या प्रतिस्पर्ध्यांचंच पारडं जड करतो.

पूर्वी जे.पी. आपापल्या मर्जीने सोळा नावं लिहीत, त्यामुळे शहरभर मान असलेला माणूस सहज वर येई. यादी करून, माणसं वाटून घेऊन, घरोघर जाऊन मतं बांधण्याची शिस्त त्या मतदारसंघाने तोपर्यंत पाहिली नव्हती. आजच्या कार्यकर्त्याला यात काही नवल वाटणार नाही, पॅनल उभं करणं म्हणजे हेच. सहकारी बँकेची किंवा साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या कुणालाही हा हिशेब तोंडपाठ असतो.

अधिकाऱ्यांनी प्रचार करणं बेकायदा होतं का?

ते स्वतः जे.पी. होते, मतदार होते. मत देण्याचा आणि मत मागण्याचा हक्क त्यांना होता. आक्षेप त्यांच्या हुद्द्यावर होता. जे.पी.पद सरकार देतं. एखाद्या व्यापाऱ्याकडे किंवा ठेकेदाराकडे पोलीस कमिशनरच्या नावाने मत मागायला कुणी आलं, तर ठाम नकार द्यायला किती जणांची छाती झाली असती? शहरातल्या टीकाकारांचा रोख यावर होता, आणि मला तो रास्त वाटतो. सरकारी हुद्द्यावरच्या माणसाने नगरनिवडणुकीत गट बांधणं म्हणजे स्थानिक स्वराज्याचा पायाच पोखरणं. लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याचा जो विचार मांडला, त्यात सरकारी माणसाने शक्य तितकं बाहेर राहावं हेच मुख्य सूत्र होतं. आज ज्या इमारतीत महापालिका बसते तिची पायाभरणी १८८४ मध्ये याच रिपनसाहेबांनी केली आहे.

पण मेहतांचं वर्चस्व जास्तच झालं होतं, या टीकेत काही तथ्य होतं का?

होतं. बहात्तर जणांचं सभागृह वर्षानुवर्षं एका माणसाच्या शब्दाकडे पाहत राहतं, तेव्हा नवी माणसं तयार होत नाहीत. मेहतांचा स्वभाव विरोध सहन करणारा नव्हता. त्यांचं वक्तृत्व समोरच्याला नामोहरम करणारं, आणि तरुण सभासदांना त्यांच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटे. काँग्रेसमध्येही त्यांच्यावर हीच टीका होत असे.

पण या दुखण्यावर औषध काय? सभागृहात त्यांच्या विरोधात मुद्दा मांडणं, मतदान घेणं, त्यांना हरवणं. कॉकसने ते केलं नाही. माणूसच सभागृहाबाहेर राहील अशी व्यवस्था केली. दोन गोष्टींत फार अंतर आहे.

निकालानंतर शहरात काय प्रतिक्रिया उमटली?

जबरदस्त. माधवबागेत मोठी जाहीर सभा झाली. सी. पी. टँकजवळची ही जागा, लक्ष्मीनारायण मंदिराचं आवार, त्या काळच्या मोठ्या सभांचं ठिकाण. गुजराती, मराठी, पारशी, सगळ्या थरांतले लोक या निकालाने दुखावले होते. नामदार गोखल्यांनी मेहतांची बाजू जोरात उचलून धरली. केंद्रीय कायदेमंडळात मेहतांची जागा १९०१ नंतर गोखल्यांनीच घेतली होती, आणि स्वतः पुण्याच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलेलं असल्यामुळे म्युनिसिपल कामाची किंमत त्यांना ठाऊक होती.

सभेला लोटलेल्या गर्दीपैकी बहुतेकांना जे.पी.ंच्या निवडणुकीत मत नव्हतं, आणि अनेकांना वॉर्डातही नव्हतं. तरी ते आले. आपल्याला मत नसलेल्या निवडणुकीचा निकाल आपल्यावर झालेला अन्याय आहे असं त्यांना वाटलं.

मेहता परत कसे आले? सरकारने नेमलं का?

नाही, न्यायालयामार्फत आले. निवडून आलेल्याच्या पात्रतेबद्दल वाद असेल तर स्मॉल कॉजेस कोर्टाच्या (लघुवाद न्यायालयाच्या) मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करायचा, अशी तरतूद १८८८ च्या कायद्यात आहे. निवड रद्द ठरली तर त्याच्या खालोखाल वैध मतं मिळालेला उमेदवार निवडून आला असं समजलं जातं, पुन्हा मतदान होत नाही. विजयी सोळांतला एक जण अपात्र ठरला आणि सतराव्या क्रमांकाचे मेहता आपोआप आत आले.

सतराव्या क्रमांकाला एरवी काही अर्थ नसतो. पण मेहता अठरावे आले असते तर ही वाट त्यांना बंद होती. म्हणजे यादीबाहेरच्या उमेदवारांत त्यांना मिळालेली मतं सर्वांत जास्त होती, आणि तेवढ्यानेच त्यांना तारलं.

टिळक आणि जहाल मंडळींचा या निवडणुकीशी संबंध होता का?

थेट नाही. टिळकांचं नगरकारभारातलं काम पुण्याचं, १८९५ मध्ये ते पुणे नगरपालिकेवर निवडून आले होते. काँग्रेसमध्ये मेहता आणि टिळक एकमेकांचे कडवे विरोधक. कॉकसच्या निवडणुकीच्या वर्षातच, डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा मवाळांच्या बाजूचे सूत्रधार मेहता होते. म्हणजे एकाच वर्षात या माणसाला वर्षाच्या सुरुवातीला सरकारी साहेबांनी पाडलं आणि वर्ष सरताना जहालांनी 'सरकारधार्जिणा' ठरवलं. त्यांना एकाच चौकटीत बसवू पाहणाऱ्याने हे वर्ष नीट वाचावं.

महापालिकेत मराठी माणसं होती का?

होती, वजनदारही होती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर ही पहिल्या पिढ्यांतली नावं. पण हे सगळे वकील, डॉक्टर, पांढरपेशे. गिरणगावचा मराठी माणूस सभागृहात यायला आणखी बराच काळ जावा लागला. पारशी आणि गुजराती व्यापारी वर्ग, त्यांच्या जोडीला दिनशा वाच्छांसारखे आकडेतज्ज्ञ सभासद, हीच त्या काळच्या महापालिकेची मुख्य फळी.

१९०७ मध्ये महापालिकेत निवडणुकीशिवाय आणखी काय घडलं?

दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. ७ मे १९०७ ला मुंबईत पहिली विजेवरची ट्राम धावली, समारंभ महापालिकेच्या कार्यालयासमोरच झाला. तोवर ट्रामला घोडे जुंपत.

दुसरी गोष्ट कमी ठाऊक असलेली, पण शहरावर जास्त परिणाम करणारी. त्याच वर्षी पोलीस खर्चाचा कायदा झाला. शहराच्या पोलिसांचा खर्च सरकारने आपल्या अंगावर घेतला, आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचण्याचं काम महापालिकेकडे आलं. मुंबईत महापालिकेच्या शाळा आणि दवाखाने यांचं जाळं पुढे जे वाढलं, त्याची ही एक मोठी मुळी. मेहता ज्या भांडणासाठी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होते, ते भांडण त्याच वर्षी अशा रीतीने मिटलं.

कॉकसचा पुढे काय परिणाम झाला?

मेहतांच्या बाबतीत फारसा नाही. १९११ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबर १९१५ ला त्यांचं निधन झालं. मात्र वृत्तपत्राच्या बाबतीत परिणाम दूरवर गेला. शहरातलं सर्वांत प्रभावी इंग्रजी दैनिक ऐन निवडणुकीत विरोधी गटाचं व्यासपीठ होऊ शकतं, हा धडा विसरण्यासारखा नव्हता. १९१३ मध्ये मेहतांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' काढलं, संपादक बी. जी. हॉर्निमन. पुढच्या काळात राष्ट्रीय चळवळीची बाजू मुंबईत याच पत्राने लढवली.

जे.पी.ंचा मतदारसंघ कधी रद्द झाला?

१९२२ च्या दुरुस्तीने. सभासदसंख्या १०६ झाली, त्यातले ७६ वॉर्डांतून निवडून येणारे. मोठा बदल मताच्या हक्कात झाला: महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळालं. चाळीतल्या माणसाचा महापालिकेशी मतदार म्हणून पहिला संबंध आला तो इथे, तोही सगळ्यांचा नाही, कारण कामगाराच्या एका खोलीचं भाडं बहुधा दहा रुपयांच्या खालीच असे. नव्या रचनेत सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले सभागृहात आल्या, विठ्ठलभाई पटेल १९२४ मध्ये अध्यक्ष झाले. १९३१ पासून अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडलं.

या प्रकरणाशी जोडलेल्या जागा आज मुंबईत पाहता येतात का?

येतात, आणि एका दिवसात पायी होतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महापालिकेची इमारत आहे, स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली, १८९३ मध्ये पुरी झालेली. तिच्या बाहेर मेहतांचा पुतळा उभा आहे. तिथून धोबी तलावला गेलं की फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट, पुढे काळबादेवीच्या गर्दीतून सी. पी. टँकला माधवबाग. फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोड आहेच. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनचं नावही फिरोजशहा मेहता उद्यान, आणि ते उद्यान शहराच्या पाण्याच्या टाकीवर वसलेलं आहे. म्युनिसिपल माणसाचं नाव द्यायला याहून योग्य जागा मिळाली नसती.

तो १८८८ चा कायदा आता कालबाह्य झाला असेल ना?

नाही. बृहन्मुंबई महापालिका आजही मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच कायद्याखाली चालते. दुरुस्त्या असंख्य झाल्या, निवडून येणाऱ्या नगरसेवकांची संख्या २२७ वर गेली, पण आयुक्त, स्थायी समिती आणि सभागृह ही रचना मूळचीच. निवडीला आव्हान देणाऱ्या अर्जाचं कलम ३३ ही तसंच आहे. मुंबईत एखाद्या नगरसेवकाचं जातप्रमाणपत्र बाद झालं आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार न्यायालयात गेला अशी बातमी वाचलीत, तर तो अर्ज स्मॉल कॉजेस कोर्टातच दाखल झालेला असतो.